किल्लीवाल्याची तिजोरी

पडद्यावर शून्य दिसलं तेव्हा धाकट्याने पहिली शिवी वहिनींना घातली. मनातल्या मनात घातली, कारण काउंटरपलीकडे एक गिऱ्हाईक कपाटाची किल्ली घ्यायला उभं होतं. पण घातली ती त्यांनाच. दुसऱ्या कोणाचं नाव त्याच्या डोक्यात डोकावलंसुद्धा नाही. चोर कोण हे त्याचं आधीपासून ठरलेलं होतं, फक्त चोरी व्हायची बाकी होती.

त्याने गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली कोंबली, सुटे पैसे काउंटरवर आपटले आणि पुन्हा आकडे टाकून पाहिले. पुन्हा शून्य.

गाळा दोन भावांचा होता, भाड्याचा. एक मशीनवर बसला की दुसऱ्याने पोट आत घेऊन मागून जायचं, एवढाच. भिंतीभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, आणि पितळेचा कीस सगळीकडे, केसांत, खिशात, चहाच्या कपातसुद्धा. थोरला भाऊ, म्हणजे दादा, ऐन कामात छातीत दुखतंय म्हणून खाली बसला तो उठलाच नाही. मागे राहिल्या त्याची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि हा धाकटा, ज्याने लग्न केलं नव्हतं आणि जो रोज संध्याकाळी वहिनींच्या घरी जेवायला जायचा.

आणि मागे राहिली ती दोघा भावांची बचत. दादाचा बँकेवर राग होता. दुसऱ्याकडे किल्ली ठेवून आपण निवांत झोपायचं हे आपल्याला जमणार नाही, असं तो म्हणायचा. म्हणून दर महिन्याला दोघांच्या कमाईतून थोडं थोडं बाजूला काढून त्याने क्रिप्टो घेतलं, आणि तेही कुठल्या कंपनीच्या ॲपमध्ये ठेवलं नाही. अंगठ्याएवढं एक यंत्र आणलं. पैशांची गुप्त किल्ली त्या यंत्रात, यंत्राचं इंटरनेटशी नातं नाही, आणि यंत्र गाळ्यातल्या तिजोरीत. यंत्र बिघडलं तर सगळं परत मिळवून देणारे चोवीस शब्द एका पोलादी पट्टीवर, तीही तिजोरीत. तिजोरीची किल्ली दोघांकडे, यंत्राचा पिन दोघांना पाठ. यंत्र फोनला जोडून उघडायचं काम मात्र दादाचं. धाकटा मागून डोकावून रक्कम तेवढी पाहायचा आणि खूश व्हायचा.

एवढ्यावर दादाचं समाधान झालं असतं तर तो किल्लीवाला कसला. पिनच्या वर त्याने आणखी एक परवलीचा आकडा लावला, आणि तो कुठेच लिहिला नाही. तो आकडा म्हणजे शटरच्या कुलपाची किल्ली. किल्लीवर सात खाचा. खाच किती खोल ते व्हर्नियर लावून मोजायचं. सगळ्यात उथळ ती एक, सगळ्यात खोल ती पाच. सात खाचा, सात आकडे. चोराने तिजोरी फोडली, यंत्र नेलं, पट्टी नेली, तरी उरलेला आकडा रोज सकाळी शटरच्या कुलपात फिरतोय हे त्याच्या बापाला सुचलं नसतं. धाकट्याला ही युक्ती इतकी आवडली होती की दोन दिवस तो एकटाच हसत होता.

दादा गेल्यावर त्याचा किल्ल्यांचा जुडगा वहिनींकडे गेला. शटरची किल्ली, तिजोरीची किल्ली, सगळंच. पिनही त्यांना माहीत होता, कारण दादा बायकोपासून काही लपवणारा नव्हता. हा दोष त्याच्यात होताच.

यंत्र उघडायची वेळ आली ती गाळामालकामुळे. त्याला गाळा विकायचा होता. पहिला हक्क तुमचा, महिनाअखेरीपर्यंत पैसे आणा, नाहीतर समोरचा बूटवाला तयार आहे, असं तो सांगून गेला होता. दोघा भावांचे वाटे एकत्र केले तर गाळा येत होता. एका वाट्यात येत नव्हता. म्हणून धाकट्याने शटरची किल्ली मोजली, आकडे टाकले, आणि शून्य पाहिलं.

तळपायाची आग मस्तकात घेऊनच तो वहिनींच्या दारात पोचला.

"आज लवकर आलात?" वहिनी म्हणाल्या. "अजून व्हायचंय सगळं. बसा."

"बसायला आलो नाही. कुठे ठेवलेत?"

"काय?"

"पैसे. यंत्रात शून्य आहे. एकूण एक गेलेत."

वहिनींनी हात पुसले, गॅस बंद केला. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात बिलं भरायच्या खिडकीवर त्या रोज शेकडो लोकांची कटकट ऐकत, त्यामुळे ओरडणाऱ्या माणसाला घाबरायची सवय त्यांना राहिली नव्हती.

"म्हणजे तिजोरी तुमच्या गाळ्यात," त्या म्हणाल्या, "यंत्र तुमच्या हातात, दिवसभर तिथे तुम्ही एकटे. आणि चोर मी."

"किल्ली तुमच्याकडेही आहे."

"किल्ली आहे म्हणून चोर? मग तुम्ही तर जगाला किल्ल्या वाटता."

"शब्दांत पकडू नका, वहिनी. पिन तुम्हाला माहीत. परवलीची किल्ली तुमच्याकडे. यंत्र उघडलं, आत काही नाही. मी नेले नाहीत. मग उरलं कोण?"

"तुम्ही नेले नाहीत हे कोणी सांगितलं? तुम्हीच ना?" वहिनींचा आवाज आता चढला. "त्यांच्या चपला अजून दारात आहेत, भावोजी. आणि तुम्ही पैसे हलवून मोकळे झालात, वर माझ्याच दारात येऊन बोंब मारताय. चांगलं सुचलं. शाबास."

भांडणातही दोघांचं अहो-जाहो सुटलं नाही, आणि त्यामुळे प्रत्येक शब्द जास्तच झोंबत होता. पुतणी कानातले हेडफोन काढून बाहेर आली. "काका, हळू बोल ना. खालपर्यंत ऐकू जातंय."

"जाऊ दे की. तुझ्या आईलाच विचार, तुझ्या बापाची कमाई कुठे गेली."

"पोरीला मध्ये घ्यायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "चला, उठा. उद्यापासून जेवायला यायचं नाही."

"उठायला बसलोय कुठे," असं म्हणत तो निघाला, आणि जिना उतरताना हे उत्तर आपल्याला फार छान सुचलं असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने शटरचं कुलूप बदललं. त्याचा धंदाच तो, फुकटात झालं. जुनी किल्ली खणात फेकली आणि फोन घेऊन बसला. आत्याला सांगितलं, चुलत भावंडांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, गाळामालकाला तर दोनदा सांगितलं. वहिनींनीही हात बांधून घेतले नव्हते. भावाचं गिळून बसलाय, त्याच्याकडून गाळ्याचे पैसे येतील या भ्रमात राहू नका, असं त्यांनी मालकाला परस्पर कळवलं. आत्या बिचारी दोघांना हो-हो म्हणून दमली आणि शेवटी दोघांचेही फोन घेईनाशी झाली.

इथवर ठीक होतं. घरोघरी होतं तसं भांडण होतं. पण धाकट्याच्या अंगाचा तिळपापड काही थांबेना, आणि एक दिवस तो पाण्याचं बिल घेऊन वहिनींच्या कार्यालयात गेला. बिल भरायची मुदत लांब होती. रांग मोठी होती. तो शांतपणे रांगेत उभा राहिला, आणि खिडकीशी आल्यावर नोटा आत सरकवून मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नीट मोजून घ्या हं, वहिनी. आणि मोजून झाल्यावर पेटीतच टाका. तुमच्या हाताला पर्स लवकर सापडते."

रांगेतलं कोणीतरी हसलं. वहिनींनी पावती फाडली, शिक्का मारला, मान वर केली नाही. आवाज ऐकून आतले साहेब आले.

"काय भानगड आहे?"

"घरची बाब आहे, साहेब," धाकटा म्हणाला. "माझ्या भावाचे पैसे गायब झालेत. मोठी रक्कम आहे. या रोकड सांभाळतात, म्हणून म्हटलं तुमच्या कानावर घालावं. पुढे तुमची मर्जी."

आठवड्याभरात त्याला कळलं की वहिनींना खिडकीवरून उठवून आतल्या टेबलावर बसवलंय, जुन्या फायलींना नंबर टाकायला. चौकशी नाही, पत्र नाही, फक्त जागा बदलली. ते ऐकून त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

आता हवा होता पुरावा. कधी नेले, कुठे नेले, हे कागदावर मिळालं की वहिनींना पोलिसांत खेचायचं, असा बेत करून तो मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे गेला. हा पोरगेला मनुष्य च्युइंगम चघळत असे, गिऱ्हाइकाकडे बघत नसे, आणि बोलण्याआधी फी घेत असे. धाकट्याने फी दिली, यंत्र दिलं, पिन आणि आकडे स्वतः दाबले. मोबाइलवाल्याने ते आपल्या लॅपटॉपला लावलं आणि थोडा वेळ खालीवर बघत राहिला.

"इथून काही गेलेलं नाही, काका."

"शून्य दिसतंय ना?"

"दिसतंय. पण कोणी नेले असते तर आधी आलेले दिसले असते, मग गेलेले दिसले असते. ते कोणाच्या बापाला पुसता येत नाही. इथे पैसे कधी आलेच नाहीत. खातं कोरं आहे."

"असं कसं होईल? मी स्वतः रक्कम पाहिलीय."

"मग वरचा आकडा वेगळा असणार. हा तुमचा नाही."

धाकट्याला त्याची कीव आली. "अहो, आकडा चुकला असता तर उघडलं कसं असतं?"

"उघडतं की."

"चुकीच्या आकड्याने?"

"पिन चुकला तर उघडत नाही. हा वरचा आकडा चुकतच नसतो. काहीही टाका, उघडतं. दर आकड्याला नवं खातं. माझ्या मांजराचं नाव टाका, एक कोरं खातं उघडेल. तुमचं टाका, दुसरं उघडेल. चुकलात असं यंत्र कधी म्हणणार नाही. चोराला कळू नये म्हणून तसं ठेवलंय."

"आणि मालकाला कसं कळायचं?"

"मालकाला माहीत असतं ना," मोबाइलवाला म्हणाला, आणि त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचा फुटका फोन हातात घेतला.

धाकटा रस्त्याने परत निघाला. चुकीची किल्ली फिरत नाही, या एका गोष्टीवर तो आयुष्यभर जेवला होता. किल्ली अडली तर चुकली, फिरली तर बरोबर. फिरली आणि आत माल नाही, तर माल कोणीतरी नेला. यात शंका घ्यायला जागाच कुठे होती? एखादा शिंपी असता, मास्तर असता, तर तो म्हणाला असता की माझंच काहीतरी चुकलं असेल, पुन्हा बघू. धाकट्याला ते शक्य नव्हतं. त्याने व्हर्नियर लावून मोजलं होतं, आणि मोजण्यात त्याचा हात कधी चुकला नव्हता. कुलूप उघडलं होतं. असलं कुलूप जगात असू शकतं, जे कोणालाही आत घेतं आणि प्रत्येकाला वेगळी रिकामी तिजोरी दाखवतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गाळ्यात येऊन त्याने खणातली जुनी किल्ली काढली, पुन्हा मोजली. तेच सात आकडे. मुठीकडून टोकाकडे, जसं तो मोजायचा, जसं सगळेच मोजतात.

सगळे, दादा सोडून. दादा उमेदवारीला तिजोऱ्यांच्या कारखान्यात होता. तिथल्या किल्ल्या टोकाशी अडवून मोजायच्या असत, म्हणून तो जन्मभर प्रत्येक किल्ली टोकाकडून मुठीकडे वाचत आला. पलीकडच्या मशीनवरून तो खाचा ओरडून सांगायचा, धाकटा आपल्या सवयीने उलट्या कापायचा, आणि मग कोरी किल्ली वाया कोणामुळे गेली यावर दुपारभर तोंड सुटायचं. हे भांडण त्यांनी एकदा नव्हे, वर्षानुवर्षं केलं होतं. त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि तरी त्याला ते आठवलं नाही, कारण वहिनी आधी आठवल्या.

त्याने आकडे उलटे टाकले. रक्कम आली. एक कणही हलला नव्हता.

आनंद झाला का? झाला, तोंड दाबून हसण्याइतका झाला. मग त्याच्या लक्षात आलं की हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. सगळ्या नात्यात वहिनी चोर ठरून बसल्या होत्या. महिनाअखेर आली नव्हती. एवढ्या पैशांत गाळा येत होता, अख्खा, एकट्याचा. हा विचार त्याने झटकून टाकला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याने तो नीट हातात घेतला, सगळ्या बाजूंनी पाहिला, आणि एका गिऱ्हाइकाला गाळा बंद आहे म्हणून परत पाठवून पुन्हा पाहिला. शेवटी तो विचार सुटला तोही चांगुलपणाने नाही. रोज बाहेरचं खाऊन त्याचं पोट बिघडलं होतं, आणि पुतणीने त्याचा नंबर ब्लॉक केला होता. तेवढ्यावर तो उठला.

वहिनींनी दार साखळी लावून उघडलं.

"सापडले," तो म्हणाला. "कुठे गेलेच नव्हते. मी किल्ली उलटी वाचली. दादा टोकाकडून वाचायचा."

त्याने साखळीच्या फटीतून फोनवरची रक्कम दाखवली. वहिनींनी आकडा वाचला. मग साखळी काढली, पण दारातून बाजूला झाल्या नाहीत.

"म्हणजे मी चोर नाही असं आज ठरलं."

"माझं चुकलं, वहिनी."

"आणि सापडले नसते तर?"

त्याने फोन खिशात टाकला.

"सापडले नसते तर मी मरेपर्यंत चोर. मी तेव्हाही चोर नव्हते, भावोजी. तिथे शून्य होतं तेव्हाही नव्हते. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलात, आणि हे तुम्हाला त्या यंत्राने सांगावं लागलं."

"तुम्हीही मला चोर म्हणालात."

"म्हणाले. तुम्ही म्हणाल्यावर म्हणाले."

"मी उद्या साहेबांना भेटून सांगतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगा. खिडकीवर दुसरी बाई बसलीय. चांगली आहे कामाला. तिला उठवून मला बसवतील असं वाटतं तुम्हाला?"

"गाळ्याची मुदत अजून आहे," तो घाईने म्हणाला, कारण दार मिटायला लागलं होतं. "दोन्ही वाटे मिळून गाळा आपला होतो, वहिनी. दादाची जागा आहे. तिथे बूटवाला बसेल."

"आपला?" वहिनींनी विचारलं. उद्या दुपारी येते, माझा वाटा वेगळा करायचा, एवढं सांगून त्यांनी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच साहेबांना भेटला. साहेबांनी ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाले, आणि फायलीत डोकं घातलं.

दुपारी वहिनी आल्या. पिशवीतून त्यांनी तसलंच एक यंत्र काढलं, नवं, खोक्याचं सील न फोडलेलं. कुठून आणलं, कोणाकडून शिकून आल्या, हे त्याने विचारलं नाही. काउंटरवर दोघांनी दोन यंत्रं ठेवली. वहिनींनी सील फोडलं, पडदा हाताने झाकून नव्या यंत्राचे चोवीस शब्द कागदावर उतरवले आणि त्या यंत्राचा पत्ता दिला. त्याने अर्धी रक्कम पाठवली, ती पोचलेली दिसेपर्यंत दोघंही उभेच राहिले. मग ते शब्द ठोकायला वहिनींनी कोरी पोलादी पट्टी मागितली, अक्षरं ठोकायचे पंच मागितले, हातोडी मागितली.

"आता बाहेर थांबा."

"मी पाठ करून उभा राहतो."

"बाहेर."

तो बाहेर पायरीवर गेला. त्यांनी शटर आतून अर्ध्याच्या खाली ओढलं. आतून हातोडीचे आवाज यायला लागले, आणि आवाजावरूनच त्याला कळत होतं की हात हलका पडतोय. एका अक्षराला त्या दोन-तीन ठोके मारत होत्या. अशाने अक्षर दुहेरी उमटतं आणि पुढे वाचता येत नाही. पंच सरळ धरा, एकच घाव घाला, एवढंच सांगायचं होतं. तो दोनदा शटरपाशी वाकला आणि दोनदा सरळ झाला. समोरचा बूटवाला दारात उभा राहून गाळ्याची रुंदी नजरेने मापत होता.

बऱ्याच वेळाने शटर वर गेलं. वहिनींच्या अंगठ्याला रक्त आलं होतं, त्यावर त्यांनी रुमाल गुंडाळला होता.

"वहिनी, एक बोलू का?" तो म्हणाला. "उद्या तुम्हाला काही झालं तर पोरीला उघडता यायला हवं."

"तिला सांगून ठेवीन."

"आणि सांगायचं राहून गेलं तर? दादाला तरी कुठे वेळ मिळाला? कोणाला तरी माहीत असायला हवं. पट्टी कुठे ठेवता, एवढं जरी मला..."

वहिनींनी पिशवीची चेन ओढली.

"राहून गेलं तर तिथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "कायमचं. तुमच्या हाती लागण्यापेक्षा ते बरं."

त्या पायरी उतरल्या. रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती, गर्दीत पाकीटमार असावेत तशी. रस्ता रिकामा होता. बूटवालाही आत गेला होता. मागे फक्त धाकटा उभा होता.